मानसिक आजाराचा शेरा देऊन सैन्यातून मुक्त केले : डिस्चार्जचा दर्जा सुधारून मिळतो का?

ओंजळ

नमस्कार. माझा मुलगा लहानपणी आमच्याबरोबर अमेरिकेत आला, ग्रीन कार्डावर असतानाच तिथल्या सैन्यात भरती झाला आणि सेवेत असतानाच त्याला नागरिकत्व मिळाले. सुरुवातीची वर्षे त्याची सेवा उत्तम झाली. बढती मिळाली, वरिष्ठांनी लेखी शाबासकी दिली. २०१२ मध्ये तो अफगाणिस्तानात कंदाहार प्रांतात होता. तिथे गस्तीवर असताना रस्त्यात पुरलेल्या स्फोटकाने त्याच्या पुढची गाडी उडाली आणि त्यातले सहकारी गेले. परत आल्यावर त्याची झोप गेली, दारू वाढली, सकाळच्या हजेरीला तो उशिरा पोहोचू लागला आणि एकदा तर परवानगीशिवाय काही दिवस गैरहजर राहिला. त्याच्या तुकडीने त्याला तपासणीसाठी पाठवले, जेमतेम एका भेटीत 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर' (व्यक्तिमत्त्व विकार) असे निदान झाले आणि २०१४ मध्ये त्याला घरी पाठवण्यात आले.

त्याच्या डीडी-२१४ या सेवामुक्तीच्या दाखल्यात २४ क्रमांकाच्या चौकटीत 'जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स' असा, म्हणजे 'ऑनरेबल' या सर्वोच्च दर्जाच्या एक पायरी खालचा, दर्जा आहे आणि २८ क्रमांकाच्या चौकटीत सेवामुक्तीचे कारण म्हणून 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर' हेच दोन शब्द छापलेले आहेत. नोकरीसाठी हा दाखला मागितला की तो अर्जच मागे घेतो. पुढे शिकायचे म्हटले तर जीआय बिलाचा (माजी सैनिकांच्या शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा) लाभ नाकारला गेला. गेल्या वर्षी एका खासगी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला पीटीएसडी (भीषण अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार) असल्याचे लेखी दिले आहे.

इतक्या वर्षांनी हा दर्जा आणि हे कारण बदलून घेता येते का? प्रकरण पुन्हा उघडल्यास आहे तेही जाण्याची, विशेषतः त्याच्या नागरिकत्वाला बाधा येण्याची भीती आहे का? मुलाला विचारूनच हे लिहीत आहे.

पाऊलवाट

सर्वप्रथम तुमची सर्वांत मोठी काळजी दूर करतो. सैनिकी सेवेच्या आधारावर मिळालेले नागरिकत्व काढून घेण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु ती एकूण पाच वर्षांची सन्मान्य सेवा पूर्ण होण्याआधी 'अदर दॅन ऑनरेबल', म्हणजे सन्मान्य नसलेल्या, परिस्थितीत मुक्त झालेल्यांसाठी आहे. 'जनरल' हा दर्जा 'अंडर ऑनरेबल कंडिशन्स' म्हणजे सन्मान्य परिस्थितीतलाच मानला जातो, त्यामुळे ती तरतूद तुमच्या मुलाला लागू होत नाही. शिवाय सेवामुक्तीची फेरतपासणी करणाऱ्या डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाला दर्जा आहे त्याहून खाली आणण्याचा अधिकार नाही. अर्ज फेटाळला गेला तर आजचा दाखला आहे तसाच राहील.

माजी सैनिकांची कागदपत्रे तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दाद मागण्याच्या दोन जागा आहेत. सेवामुक्तीपासून १५ वर्षांच्या आत असेल तर डीडी-२९३ हा अर्ज भरून आपापल्या दलाच्या डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे जायचे. त्यानंतर, किंवा तिथे नकार मिळाल्यावर, डीडी-१४९ भरून नोंदी दुरुस्त करणाऱ्या बोर्डाकडे जायचे. या दुसऱ्या बोर्डाची मुदत चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची असली तरी न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास बोर्ड ती माफ करू शकते. तुमच्या मुलाची १५ वर्षे २०२९ मध्ये भरतात, म्हणजे पहिला दरवाजा अजून उघडा आहे. वैद्यकीय निवृत्ती हवी असेल तर मात्र ती पहिले बोर्ड देऊ शकत नाही. तो अधिकार दुसऱ्याकडे आहे.

बोर्ड दोन गोष्टी पाहते : सेवामुक्ती नियमांना धरून झाली का, आणि ती न्याय्य होती का. बहुतेक अर्जदार दुसऱ्या मुद्द्यावर पानेच्या पाने लिहितात आणि पहिला सोडून देतात. तुमच्या प्रकरणात पहिल्याच मुद्द्यात बरेच काही दडलेले असण्याची शक्यता मला दिसते. पर्सनॅलिटी डिसऑर्डरच्या कारणावरून मुक्त करण्याआधी त्या सैनिकाला त्याच्या उणिवा लेखी कळवून सुधारण्याची संधी द्यावी लागते. २००८ पासून संरक्षण खात्याच्या नियमानुसार युद्धजन्य धोक्याच्या क्षेत्रात सेवा केलेल्यांच्या बाबतीत ते निदान तेवढ्याच किंवा वरच्या पात्रतेच्या दुसऱ्या तज्ज्ञाने पडताळावे लागते, त्याला त्या दलाच्या सर्जन जनरलची, म्हणजे सर्वोच्च वैद्यकीय अधिकाऱ्याची, मान्यता लागते आणि पीटीएसडीचा विचार झाला की नाही हेही नोंदवावे लागते. हा नियम उगाच आलेला नाही. नोव्हेंबर २००१ ते जून २००७ या काळात सुमारे २६,००० सैनिकांना याच कारणाखाली मुक्त केले गेले आणि त्यांतले सुमारे २,८०० जण इराक किंवा अफगाणिस्तानच्या मोहिमांवर जाऊन आलेले होते, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ मध्ये दाखवून दिले. ठरलेल्या पायऱ्या अनेकदा पाळल्याच गेल्या नाहीत, हेही त्याच अहवालात आहे. एका भेटीत निदान झाले असे तुम्ही म्हणता, तेव्हा दुसऱ्या तज्ज्ञाचा कागद फाइलीत आहे का, हे आधी शोधा. आणखी एक गोष्ट : या कारणाने होणारी सेवामुक्ती साधारणतः 'ऑनरेबल' असायला हवी. 'जनरल' दिले असेल तर ते कशाच्या आधारावर दिले, हे नोंदीत कुठेतरी असलेच पाहिजे.

म्हणून अर्जाआधी संपूर्ण सेवा-फाइल आणि वैद्यकीय नोंदी मागवा. सेंट लुईस येथील नॅशनल पर्सनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे एसएफ-१८० या अर्जाने त्या मागवता येतात. फाइल हातात नसताना लिहिलेला अर्ज अंदाजावर उभा राहतो, आणि बोर्डापुढे मात्र ती फाइल असते.

मैत्रेयी_क

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे आणि अशा प्रकरणांत अहवाल लिहिले आहेत. पर्सनॅलिटी डिसऑर्डर ही व्याख्येनेच किशोरवयात किंवा तारुण्याच्या सुरुवातीला दिसू लागणारी आणि आयुष्याच्या सर्व क्षेत्रांत सातत्याने टिकून राहणारी ठेवण असते. भरतीच्या तपासणीतून गेलेला, काही वर्षे चांगली सेवा करून बढती मिळवलेला माणूस एका मोहिमेवरून परतल्यावर बदलतो, तेव्हा हे निदान त्याच्या इतिहासाशी जुळत नाही. त्यामुळे मोहिमेपूर्वीची मूल्यमापने, शाबासकीपत्रे, शाळेतले शिक्षक किंवा जुने मित्र यांची निवेदने ही केवळ चांगल्या वर्तणुकीची प्रमाणपत्रे राहत नाहीत. आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस यांतला फरक दाखवणारा तो वैद्यकीय पुरावाच ठरतो. आईवडिलांचे निवेदनही इथे मोलाचे आहे. सुट्टीवर घरी आल्यावर तो कुठे झोपायचा, दाराकडे पाठ करून बसायचा का, कोणत्या आवाजाने उठून उभा राहायचा, अशा प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी लिहा. 'तो पूर्वीसारखा राहिला नव्हता' एवढ्या वाक्याने बोर्डापुढे काहीच सिद्ध होत नाही.

२०१४ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री चक हेगल यांनी पीटीएसडीच्या प्रकरणांकडे उदारतेने पाहण्याचा आदेश दिला आणि २५ ऑगस्ट २०१७ च्या, कुर्टा मेमो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पत्रकाने तो अधिक स्पष्ट केला. त्यातले चार प्रश्न मी अहवालाचा सांगाडा म्हणून वापरते. गैरवर्तनाचा दोष कमी करू शकेल असा आजार किंवा अनुभव होता का? तो सेवाकाळातच घडला का? त्या आजारामुळे गैरवर्तनाचा दोष खरोखर कमी होतो का? आणि तो डिस्चार्जच्या कारणापेक्षा वजनदार ठरतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तुमच्याकडे आहेत. अर्ज पडतात ते तिसऱ्यावर.

तुमच्या तज्ज्ञांच्या पत्रात केवळ 'यांना पीटीएसडी आहे' एवढेच असेल तर ते अपुरे आहे. नोंदीतल्या प्रत्येक घटनेचा आजाराशी असलेला संबंध त्यांनी वेगळा लिहायला हवा : रात्रभर झोप नाही म्हणून हजेरीला उशीर, मन बधिर करण्यासाठी दारू, स्फोटाची आठवण जागवणाऱ्या सरावापासून पळ म्हणून गैरहजेरी. हे सर्व पीटीएसडीतल्या टाळाटाळीच्या आणि अतिसावधतेच्या लक्षणांत बसते आणि कोणत्याही तज्ज्ञाला ते समजावून सांगता येते. याउलट आधीपासून ठरवून केलेले गैरवर्तन आजाराने सहसा माफ होत नाही, असे त्याच पत्रकात म्हटले आहे. तशी एखादी नोंद असल्यास ती झाकू नये, तिच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहावे. सेवाकाळातला एकही वैद्यकीय कागद नसला तरी माजी सैनिकाचे स्वतःचे निवेदनही पुरावा म्हणून पुरेसे ठरू शकते, हा त्या पत्रकाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

गलबत

मी स्वतः यातून गेलो आहे, म्हणून लिहितो. माझा दर्जा 'ऑनरेबल' झाला आणि कारणाच्या चौकटीत आता 'सेक्रेटेरियल अथॉरिटी' असे तटस्थ शब्द आहेत. नोकरी देणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही, आणि तेच हवे होते.

दर्जा सुधारून द्या एवढेच मागू नका. दर्जा, कारण, २६ क्रमांकाच्या चौकटीतला सेवामुक्तीचा सांकेतिक शब्द आणि २७ मधला पुनर्भरतीचा संकेत, या चारही गोष्टी अर्जात नाव घेऊन मागा. दर्जा सुधारला आणि कारण तसेच राहिले तर 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर' हे शब्द तुमच्या मुलाच्या कागदावर कायम राहतील, आणि तुम्ही लिहिले आहे त्यावरून त्याला तेच शब्द अधिक बोचतात असे दिसते.

दुसरे म्हणजे व्हीएचे (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचे) दार बोर्डाच्या निकालासाठी अडलेले नाही. 'जनरल' दर्जावर उपचारही मिळतात आणि अपंगत्व भरपाईसाठी दावाही करता येतो. जीआय बिलाला मात्र 'ऑनरेबल'च लागतो. पर्सनॅलिटी डिसऑर्डरसाठी व्हीए भरपाई देत नाही, पण सेवेमुळे झालेल्या पीटीएसडीसाठी देते, आणि व्हीएने तो सेवेशी संबंधित मानला तर तोच निर्णय बोर्डापुढे ठेवता येतो. माझ्या अर्जात सर्वांत वजनदार कागद तोच होता. बोर्डाच्या उत्तराला बराच काळ लागतो आणि नकारही पुष्कळांना मिळतात. त्या काळात उपचार थांबू नयेत. युद्धक्षेत्रात राहिलेल्यांसाठी व्हीएच्या व्हेट सेंटर या समुपदेशन केंद्रांत मदत मिळते. एखादी रात्र फार वाईट गेली तर ९८८ हा संकटकालीन मदतीचा क्रमांक लावून माजी सैनिकांसाठी १ दाबायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

ओंजळ

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मुलाने सर्व उत्तरे स्वतः वाचली आणि फाइल मागवण्याचा अर्ज काल पाठवला. त्याच्या जुन्या तुकडीतला एक सहकारी त्या स्फोटाबद्दल निवेदन द्यायला तयार आहे. दोन शंका उरतात. डीडी-२९३ वर केवळ कागदपत्रांवरून निर्णय हवा की प्रत्यक्ष सुनावणी, असे विचारले आहे, काय निवडावे? आणि वकील लागेल का?

पाऊलवाट

तुमच्याकडे वेळ आहे, म्हणून आधी कागदपत्रांवरून निर्णय मागा. त्यात नकार आला तर १५ वर्षांच्या मुदतीत प्रत्यक्ष सुनावणी मागण्याचा हक्क शिल्लक राहतो. आधीच सुनावणी घेतली आणि ती विरुद्ध गेली, तर त्या बोर्डापुढे पुन्हा कागदपत्रांवरून विचार करून घेण्याची वाट साधारणपणे बंद होते. पहिल्या नकाराचा दुसराही उपयोग होतो : बोर्डाला कोणता दुवा पटला नाही हे त्यात लिहिलेले असते आणि सुनावणीत नेमका तोच भरून काढता येतो.

वकील सक्तीचा नाही, पण असावा असे माझे मत आहे. शुल्क भरून वकील शोधण्याआधी जवळच्या विधी महाविद्यालयात माजी सैनिकांसाठी मोफत सल्ला केंद्र चालते का, हे पाहा. नॅशनल व्हेटरन्स लीगल सर्व्हिसेस प्रोग्रॅमही पात्र प्रकरणांत विनामूल्य वकील मिळवून देतो. बोर्डांचे जुने निकाल नावे गाळून इंटरनेटवर वाचायला ठेवलेले आहेत. मुलाच्याच दलातले, पर्सनॅलिटी डिसऑर्डर आणि पीटीएसडी असे दोन्ही शब्द असलेले काही निकाल काढून वाचा आणि मान्य झालेल्या अर्जांत कोणते कागद जोडलेले होते, त्याची यादी वकिलाकडे घेऊन जा.

सहकाऱ्याच्या निवेदनात स्फोटाचे वर्णन तर असावेच, परंतु परतल्यानंतर त्याने तुमच्या मुलामध्ये काय काय बदलताना पाहिले, हेही त्याने तारखांच्या शक्य तितक्या जवळ जाऊन लिहावे. मुलाने स्वतःचे निवेदन त्या निवेदनाची वाट न पाहता आजच सुरू करावे; फाइल आली की तारखा जुळवून घेता येतील.