पॉवर बटन दाबल्यावर तुमचा संगणक काय करतो? (अनुभव धागा)

संगणकाचं पॉवर बटन दाबल्यावर काय व्हावं हे आपल्याला ठरवता येतं, ही गोष्ट बऱ्याच जणांपर्यंत पोचलेलीच नसते. मशीन घरी येताना जे ठरून आलेलं असतं तेच वर्षानुवर्षं चालतं. डेस्कटॉपवर बहुधा शटडाउन, लॅपटॉपवर बहुधा स्लीप, म्हणजे काम मेमरीत ठेवून घेतलेली झोप. विंडोजमध्ये बदलायचं ठिकाण म्हणजे कंट्रोल पॅनेल, त्यात पॉवर ऑप्शन्स आणि तिथे डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. काहीच करू नको, स्लीप, हायबरनेट (काम डिस्कवर लिहून पूर्ण बंद), शटडाउन, नुसता स्क्रीन बंद, असे पर्याय मिळतात. लॅपटॉपवर तर दोन रकाने असतात, एक बॅटरीवर चालताना आणि एक चार्जर लावलेला असताना. हायबरनेट यादीत दिसत नसेल तर ते आधी चालू करून घ्यावं लागतं.

माझं ठाम मत असं की हा पर्याय निवडताना मशीन बघू नये. त्यासमोर कोण बसतं आणि तिथे वीज कशी आहे, ते बघावं. तुम्ही काय ठेवलंय आणि का, हे सविस्तर लिहा, म्हणजे दुसऱ्याच्या घरात तसाच प्रसंग असेल तर त्याला उपयोग होईल.

सुरुवात माझ्यापासून. आमचा टॉवर टेबलाखाली जमिनीवर असतो आणि बटनाभोवती निळा दिवा आहे. भाची रांगायला लागल्यापासून तिचं सगळं लक्ष त्या दिव्याकडे. वहिनी घरून हिशेबाचं काम करते, त्यामुळे आम्ही 'काहीच करू नको' ठेवलं. भाची आता खुशाल बटन दाबते, टाळ्या वाजवते आणि वहिनीचं टॅली चालू राहतं.

सांगली, डीटीपी

ताई, वीज बघावी हे अगदी खरं बोललात. भारनियमनाच्या त्या वर्षांत आमच्या छापखान्यात याच बटनाने आम्हाला तारलं. लग्नसराईचे दिवस, पेजमेकरमध्ये पत्रिका उघडी, बाजूला कोरलड्रॉमध्ये गणपती आणि कलश, आणि गिऱ्हाईक शेजारी बसून "मामांचं नाव वरच्या ओळीत घ्या" म्हणतंय. तेवढ्यात वीज जायची. यूपीएस ओरडायला लागायचा. बॅटरी जुनी झालेली, किती वेळ टिकेल याचा भरवसा नाही. एकेक फाइल सेव्ह करा, प्रोग्रॅम बंद करा, मग शटडाउन, एवढी सवड कुठली?

आमच्याकडे विंडोज एक्सपी होतं. त्यात पॉवर ऑप्शन्समध्ये हायबरनेटचं वेगळं पान होतं. तिथे आधी खूण करून ते चालू केलं आणि मग बटनाला हायबरनेट लावलं. यूपीएस ओरडला की बटन दाबायचं, बस्स. मेमरीत जे असेल ते सगळं हार्डडिस्कवर लिहिलं जातं आणि मशीन पूर्ण बंद होतं. मग वीज दोन तासांनी येवो की रात्री, चालू केलं की तीच पत्रिका, तोच कर्सर, मामांचं नाव जिथे अर्धवट राहिलं तिथेच. मेमरी जेवढी, साधारण तेवढी जागा डिस्कवर राखून ठेवायला लागायची. पण तेव्हा मेमरीच पाचशे बारा एमबी होती, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

स्लीप का नाही, असं कामावरची मुलं विचारायची. स्लीपमध्ये काम मेमरीतच राहतं आणि मेमरीला सतत थोडी वीज लागते. यूपीएस संपला की काम गेलं. विंडोज व्हिस्टापासून डेस्कटॉपसाठी हायब्रिड स्लीप आलं. त्यात मेमरीही जागी राहते आणि डिस्कवरही एक प्रत पडते. ज्यांच्याकडे आजही वीज लपाछपी खेळते त्यांनी ते चालू आहे ना, एवढं बघून घ्यावं.

डब्लिनहून, गाव साताऱ्याकडे

आमच्या आबांसाठी मी उलट केलं. आबांचं वय ऐंशीच्या पुढे. रोज सकाळी पेपर वाचायला आणि रविवारी आमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायला त्यांना संगणक लागतो. त्यांच्या लॅपटॉपचं बटन स्लीपवर होतं. बटन दाबल्यावर स्क्रीन काळा व्हायचा, पण दिवा लुकलुकत राहायचा. आबांच्या हिशेबी दिवा चालू म्हणजे मशीन चालू, आणि मशीन चालू ठेवून झोपायचं म्हणजे वीज वाया. मग ते दिवा जाईपर्यंत बटन दाबून धरायचे. रोज रात्री हे असं जबरदस्तीने बंद होत होतं.

मागच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा दोन्ही रकान्यांत शटडाउन लावलं. आबांना एवढंच सांगितलं, "एकदा दाबा आणि हात काढा. दिवा आपोआप जाईल." वयस्कर माणसाने शिकायच्या ऐवजी मशीनने त्यांच्या सवयीला जुळवून घेतलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "अरे, नीट शिका ना" असं मोठ्यांना सांगणाऱ्या माझ्या भावंडांनी हे जरूर वाचावं.

शाळेतली शिक्षिका, मराठवाडा

संगणक कक्षात मुलं तासाला गटागटाने येतात. बटन दाबायची हौस सगळ्यांनाच, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण शेजारच्या मुलीचं अर्धं चित्र त्यापायी जातं, तेव्हा ती रडते. प्रत्येक मशीनवर जाऊन खिडक्या उघडत बसण्यापेक्षा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप करायची 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा वापरा. तिच्यात बटनाचं काम आकड्याने सांगता येतं: शून्य म्हणजे काहीच नाही, एक स्लीप, दोन हायबरनेट, तीन शटडाउन. आमच्या माजी विद्यार्थ्याने दोन ओळींची बॅच फाइल, म्हणजे आज्ञा ओळीने चालवणारी फाइल, पेनड्राइव्हवर करून दिली. दुसऱ्या ओळीत चालू असलेला पॉवर प्लॅन (वीज सेटिंग्जचा संच) पुन्हा लागू करायला लागतो, तेव्हा बदल अमलात येतो. सगळीकडे शून्य केलं. शटडाउन मुलं आता स्टार्ट मेनूतून करतात, आणि ते त्यांना यायलाच हवं.

पुणे, स्क्रीन रीडर वापरणारा

मी पूर्ण दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए या स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करतो. आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात येईल असं एक सांगतो. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपवर पॉवर बटन कीबोर्डमध्येच असतं, वर उजव्या कोपऱ्यात, डिलीटला अगदी चिकटून. माझ्या आधीच्या लॅपटॉपवर नेमकी त्या कोपऱ्यात डिलीट होती. बोटांना ती जागा पाठ. स्पर्शाला दोन्ही कळा सारख्या, वेगळा उंचवटा नाही की खाच नाही. मजकूर तपासताना कोपऱ्यातली कळ दाबली की आवाज थांबायचा, आणि आवाज थांबला की माझ्यासाठी मशीन गायबच होतं. स्लीप झालं, बंद पडलं की एनव्हीडीए अडकलं, हे कळायला मार्ग नाही.

म्हणून दोन्ही रकान्यांत 'काहीच करू नको'. बंद करायला विंडोज आणि एक्स या कळा एकत्र, मग यू, पुन्हा यू. किंवा डेस्कटॉपवर येऊन आल्ट एफ फोर, म्हणजे डबा उघडतो, त्यातले पर्याय एनव्हीडीए वाचून दाखवतं, बाणाने निवडून एंटर. दोन्ही रस्ते कानाने पूर्ण करता येतात. बटन मी आता फक्त चालू करायला वापरतो, आणि ते काम या सेटिंगनंतरही तसंच राहतं. ज्यांच्या घरी दृष्टिहीन किंवा हाताला कंप असलेलं कुणी आहे त्यांनी हे आजच करून द्या.

नाशिक, लिनक्स

ऑफिसात एक जुना डेस्कटॉप फाइल सर्व्हर म्हणून कोपऱ्यात ठेवलाय. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. सकाळी झाडलोट होताना झाडूचा दांडा लागला की बंद, आणि मग सगळ्यांचे फोन. अशा मशीनवर बटनाचा ताबा सिस्टमडी या लिनक्सचा कारभार बघणाऱ्या प्रोग्रॅमच्या लॉगिनडी या भागाकडे असतो आणि त्याचं मूळ ठरलेलं काम म्हणजे पॉवर ऑफ. लॉगिनडीच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलमध्ये 'हँडलपॉवरकी'ची ओळ 'इग्नोर' करा आणि मशीन एकदा रीबूट करा. घरच्या लॅपटॉपवर नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप असेल तर मात्र तो बटनाचा ताबा स्वतःकडे घेतो. तिथे सेटिंग्जमधल्या पॉवर पानावरून बदलायचं.

जोडीला बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं असा पर्याय असतो, तोही लावा. आमच्याकडे रात्री वीज जाऊन आली तरी सकाळी सर्व्हर चालू असतो.

ठाणे ते मुंबई, रोजची लोकल

लॅपटॉप स्लीप करून बॅगेत टाकायचे आणि दादरला उतरेपर्यंत बॅग पाठीला चटके द्यायची. नव्या लॅपटॉपांत मॉडर्न स्टँडबाय असतं. त्यात मशीन पूर्ण झोपत नाही, मधूनमधून मेल वगैरे आणत राहतं. 'पॉवरसीएफजी /ए' टाइप केलं की आपल्या मशीनला कुठली झोप येते ते कळतं. मी बॅटरीच्या रकान्यात बटन आणि झाकण दोन्हींना हायबरनेट लावलं, चार्जरच्या रकान्यात स्लीप. उघडायला काही सेकंद जास्त लागतात. मला चालतं.

शटडाउनवाल्यांसाठी एक भर

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आहे. ते चालू असेल तर शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतं, कर्नलचा, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचा, भाग डिस्कवर जपून ठेवला जातो. त्याच मशीनवर लिनक्स असेल तर विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) त्यातून फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. बटनाच्या त्याच पानावर खाली ती खूण आहे. आधी वरची 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला' अशा अर्थाची लिंक दाबा, मग ती काढता येते. रीस्टार्ट मात्र नेहमी पूर्णच होतो.

दुरुस्तीचं दुकान, कोल्हापूर

सगळं वाचलं. जुन्या एटी घडणीच्या मशीनचं बटन थेट विजेची लाइनच तोडायचं, म्हणून विंडोज ९५ आधी "आता बंद करायला हरकत नाही" असं नारिंगी अक्षरांत सांगायचं आणि मग आपण खटका दाबायचो. १९९५ मध्ये एटीएक्स ही मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायची नवी घडण आली, बटन मदरबोर्डला नुसता इशारा द्यायला लागलं. १९९६ च्या डिसेंबरात एसीपीआय हे वीज सांभाळण्याचं मानक आलं आणि त्या इशाऱ्याचं काय करायचं हे ऑपरेटिंग सिस्टम ठरवू लागली. आज आपण ही चर्चा करतोय ती त्यामुळे.

'काहीच करू नको' लावणाऱ्या गिऱ्हाइकांना एकच धास्ती असते: मशीन हँग झालं तर बंद कसं करायचं? बटन चार सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरा, बंद होईल. ते हार्डवेअर करतं, विंडोजची सेटिंग तिथे पोचत नाही. आबांच्या लॅपटॉपवर होत होतं ते हेच. ते अडलेल्या वेळेसाठी राखून ठेवा, कारण त्यात काहीही सेव्ह होत नाही.

ज्यांच्या कीबोर्डवर चंद्राचं चित्र असलेली झोपेची कळ आहे त्यांनी त्याच पानावरचा स्लीप बटनाचा रकानाही बघा. पॉवर बटन बदललं तरी ती कळ जुनंच काम करत राहते. ताई, तुमच्या घरी भाचीचा हात टेबलापर्यंत पोचायच्या आत तेवढं करून घ्या.