मदत हवी आहे: परदेशी एमबीएच्या यादीतून कोणती कॉलेजं गाळावीत?

यादी सातवरून चारवर आणायची आहे. मॅन्युफॅक्चरिंगमधून कन्सल्टिंगकडे वळायचंय, खर्च कर्जातून. त्यामुळे रँकिंगआधी व्हिसाच बघितला.

अमेरिकेत पदवीनंतर ओपीटी (विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायची परवानगी) 12 महिने, अभ्यासक्रम स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) नोंदलेला असेल तर आणखी 24. एकाच कॉलेजात एक स्पेशलायझेशन स्टेम आणि दुसरं नाही, असंही असतं. म्हणून अर्जाआधी सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक, त्यावरून स्टेम आहे का ते कळतं) ॲडमिशन ऑफिसकडून ईमेलवर मागून घेणं बरं. ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा 2 वर्षांचा, पण 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना 18 महिनेच. जर्मनीतही नोकरी शोधायला 18 महिने.

खरा पेच इन्सियाडचा (फ्रान्समधलं बिझनेस स्कूल). 10 महिन्यांत कोर्स संपतो, बुडणारा पगार कमी. मात्र उन्हाळी इंटर्नशिपची सोय जानेवारीच्या बॅचला आहे, ऑगस्टच्या नाही, आणि क्षेत्र बदलणाऱ्याला इंटर्नशिप फार मोलाची.

तर जाणकारांनो, सांगा: जानेवारीच्या बॅचसाठी थांबावं का? जर्मनीतल्या मानहाइम बिझनेस स्कूलमधून बी-1 (मध्यम पातळीच्या) जर्मनवर कन्सल्टिंगमध्ये शिरकाव होतो का, की त्यावरची बी-2 पातळी लागतेच? अमेरिकेतले दोन्ही अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत टाकावेत, की एक जानेवारीच्या दुसऱ्या फेरीसाठी राखावा? स्कॉलरशिपच्या दृष्टीने उत्तर दिलंत तर फार मदत होईल.