बाळ येतंय आणि आजोबांची केमो चालू आहे : आजीने रोज दोन्ही घरं करू नयेत

उंबरठा

लेकीचे किंवा सुनेचे दिवस भरत आलेत आणि त्याच महिन्यात आजोबांची केमो चालू आहे. आजी सकाळी एका घरी, संध्याकाळी दुसऱ्या घरी. सगळे तिचं कौतुक करतात. माझं मत असं की ही रोजची ये-जा थांबवावी आणि आठवडे वाटून घ्यावेत.

केमोचे बरेचसे कोर्स २१ दिवसांच्या चक्राने चालतात. डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या काळात ३८ अंश सेल्सिअस ताप आला की तडक इस्पितळ, माणूस गप्पा मारत बसलेला असला तरी. आधी पॅरासिटामॉल देऊन ‘बघू जरा’ करायचं नाही. ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. तिकडे तीन महिन्यांच्या आतल्या बाळालाही हाच ३८ चा आकडा लागू. साधी सर्दीही महागात पडेल अशी माणसं दोन्ही घरांत आहेत, आणि रोज त्यांच्यामध्ये फिरते आहे ती आजी.

म्हणून केमोच्या तारखा आणि बाळंतपणाची तारीख एकाच कॅलेंडरवर मांडा. डोसनंतरचे दोन आठवडे आजी आजोबांजवळ. तिसऱ्या आठवड्यात पेशी सावरत आलेल्या असतात, तेव्हा पाच-सहा दिवस सलग बाळाकडे मुक्काम. तेवढे दिवस आजोबांजवळ दुसरं कोणीतरी. डोसनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तर बाळाकडे फिरकूच नये, कारण लघवी-उलटीतून औषध बाहेर पडत असतं.

दुपारची_पाळी

असहमत. कॅलेंडर कागदावर छान दिसतं, पण ठरलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम पाच. सिझेरियन आधीच ठरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. पेशी वेळेत वर आल्या नाहीत तर केमोही आठवडाभर पुढे जाते. दोन्ही तारखा सरकल्या की तुमचा तिसरा आठवडा नेमका चुकीच्या वेळी येतो, आणि बाळंतिणीला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा आजी तिथे नसते.

दिवस वाटण्यापेक्षा कामं वाटावीत. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, ते काम आईचंच. आजीने बाळाला दिवसभर मांडीवर घेऊन बसायची गरज नसते. कपडे, स्वयंपाक, मोठं भावंड, बाटल्या उकळणं यातलं बरंचसं कोणीही करू शकतं. आजीच लागते ती रात्रीच्या एका टप्प्याला. आईचं पाजून झालं की बाळ आजीकडे, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, निजवणं आजीचं. मधलं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर निभावलं तर आईला सलग चार-पाच तास झोप मिळते. काढलेलं ताजं दूध खोलीच्या तापमानाला ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. बाटलीला तारीख-वेळ लिहिलेली चिकटपट्टी लावा, नाहीतर रात्री दोन वाजता कुठलं आधीचं ते कळत नाही.

राहिला संसर्ग. तो प्रवासाने होत नाही. तो लक्षणं अंगावर काढल्याने आणि हात न धुतल्याने होतो. आत आल्यावर वरचे कपडे बदला, नखं आणि अंगठ्याच्या बेचक्यासकट २० सेकंद साबणाने हात धुवा, बाळाच्या तोंडाची पापी घेऊ नका. पापी घेणाऱ्याच्या ओठावर तापाचा फोड (जर) उठलेला असेल तर ही पापी बाळाच्या जिवावर बेतू शकते. फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस आजीने बाळाला भेटण्याआधी निदान दोन आठवडे घेतलेली हवी, संरक्षण तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. सहा महिन्यांच्या आत बाळाला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून भोवतालच्यांनी घ्यायची.

उंबरठा

@दुपारची_पाळी, लसींबद्दल पूर्ण सहमत. पण ‘हात धुतले की झालं’ यात दोन गोष्टी निसटतात.

एक, जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस. अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही, साबण आणि पाणीच हवं. शेवटची उलटी किंवा जुलाब होऊन ४८ तास उलटल्याशिवाय आजीने दुसऱ्या घराचा उंबरठा ओलांडू नये. बरं वाटायला लागलं की माणूस लगेच निघतो, आणि चूक होते ती इथेच.

दोन, सगळेजण विसरतात ती बाळाची रोटाव्हायरसची लस. तोंडाने देण्याचे हे थेंब सहाव्या आठवड्यापासून सुरू होतात. लस जिवंत विषाणूची असल्यामुळे डोसनंतर काही दिवस तो बाळाच्या शीमधून बाहेर पडतो. बाळाची लस मुळीच थांबवायची नाही. मात्र केमोवरच्या आजोबांनी काही आठवडे लंगोट बदलू नयेत, आणि आजीने प्रत्येक लंगोटानंतर साबणाने हात धुवावेत. दिवसातून दोनदा घरं बदलणाऱ्या बाईकडून ही शिस्त रोज, प्रत्येक वेळी पाळली जाईल असं मला वाटत नाही.

निळी_छत्री

तुम्ही दोघेही जंतूंवरच अडकला आहात. या वेळापत्रकात आधी कोसळते ती आजीची झोप, आणि मोठ्या चुका तिथून होतात.

दोन रात्री अर्धवट झोपलेली बाई सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन बसते. डोळा लागतो. बाळ गादी आणि कुशीच्या फटीत सरकतं आणि त्याचा श्वास कोंडतो. सोफा आणि आरामखुर्ची ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. डोळे मिटायला लागले की बाळ रडत असलं तरी पाळण्यात ठेवावं, सपाट घट्ट गादीवर, पाठीवर, उशी-दुलईशिवाय. पालथं झोपवायची जुनी सवय अनेक आज्यांच्या हाताला अजून आहे. ती आधीच बोलून सोडवावी, मध्यरात्री वाद घालत बसू नये. झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारी सर्दीची गोळी घेतली असेल तर त्या रात्री बाळ आजीकडे नकोच, मग घरं वाटलेली असोत की कामं.

दुसरी चूक औषधांची. आजोबांना सकाळची गोळी आजीने दिली, ती निघाली, मागून आलेल्या मुलाने पुन्हा दिली. उपाय साधा आहे: पेटीजवळ एक कागद आणि गोळी हातात देतानाच खूण. ‘नंतर लिहिते’ म्हटलं की डोस दोनदा जातो किंवा जातच नाही. आठवड्याच्या कप्प्यांची पेटी एकाच माणसाने भरावी.

तिसरी, आजीची पाठ. आजोबांना पलंगावरून उठवताना दंड धरून ओढू नये. खुर्ची पलंगाला लागून, त्यांचे पाय जमिनीवर, तिने गुडघ्यात वाकून कमरेचा पट्टा धरायचा आणि तीन म्हटल्यावर त्यांनी स्वतः जोर लावायचा. पाठ धरली की दोन्ही घरं एकदमच बसतात. आणि तिच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या? त्या बहुधा ज्या घरी ती नाही त्या घरी राहिलेल्या असतात. दोन्हीकडे एकेक संच ठेवा.

तक्तेवाला

वरच्या प्रतिसादात एक भर: केमोची गोळी तोंडाने घ्यायची असेल तर ती कप्प्यांच्या पेटीत इतर गोळ्यांबरोबर ठेवू नये. मूळ पाकिटातच ठेवावी आणि दुसऱ्या कोणी हाताळायची तर हातमोजे घालून.

मोकळा_श्वास

धागाकर्तीच्या एका वाक्याला मात्र स्पष्ट विरोध. डोसनंतरचे दोन-तीन दिवस आजीने बाळाकडे फिरकूच नये, हे गरजेपेक्षा जास्त आहे आणि लोकांना उगाच घाबरवतं. औषध असतं ते लघवी, शी आणि उलटीत, साधारण ४८ तास, काही औषधांचं थोडं जास्त. ते साफ करताना हातमोजे घाला, भरलेले कपडे वेगळे धुवा, संडासाचं झाकण लावून दोनदा पाणी सोडा, मोजे काढल्यावर हात धुवा. एवढं केल्यावर आजीने बाळाला घेण्यात धोका नाही. केमो घेतलेल्या माणसाला मिठी मारूनही काही होत नाही. बाहेरून यंत्राने दिलेल्या रेडिएशननेही माणूस किरणोत्सारी होत नाही. अपवाद थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांचा: इस्पितळ सांगेल तितके दिवस त्यांनी बाळ आणि गर्भार बाई यांच्यापासून अंतर ठेवायचं.

हे ठासून सांगतोय कारण या सगळ्या आखणीत आजोबांना कोणी विचारलेलंच नाही. पेशी सावरलेल्या असतील, दोन्हीकडे सर्दी-ताप नसेल, तर त्यांनी हात धुऊन नातवंडाला मांडीवर घ्यावं. आजारी माणसाला त्याची आस असते. ती काळजीच्या नावाखाली काढून घेऊ नका.

उंबरठा

@मोकळा_श्वास, बरोबर. दोन-तीन दिवसांची अट मागे घेते. हातमोजे आणि धुणं पुरे. तारखा सरकतात हेही मान्य, म्हणून आठवडे तारखेवर न ठेवता प्रत्येक डोसआधीच्या रक्ततपासणीवर ठेवावेत. रक्ताच्या काही कर्करोगांत पेशी आठवडेच्या आठवडे खाली राहतात, तिथे वाटणीला जागाच नसते. आजी एकाच घरी.

रोजच्या ये-जाला माझा विरोध कायम आहे. आजीला या वयात ताणामुळे नागीण उठली तर फोडांवर खपल्या धरेपर्यंत बाळ आणि आजोबा दोघांपासून तिला लांब राहावं लागेल. मग कोण? या एका प्रश्नाचं उत्तर दोन्ही घरांत आधीच लिहिलेलं हवं. फ्रिजवर कागद: आजी नसेल तर पहिला फोन कोणाला, दुसरा कोणाला, गाडी कोण काढणार, केमो विभागाचा चोवीस तासांचा नंबर, बाळाच्या डॉक्टरांचा नंबर. बाळाच्या घरी त्याच कागदावर दिवसाचे ओले लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहापेक्षा कमी भरले तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा, आजीची वाट पाहू नये.

दुपारची_पाळी

रक्ततपासणीवर आठवडे ठरणार असतील तर माझा अर्धा विरोध मिटला. रात्रीच्या टप्प्याला आजीऐवजी बाळाच्या बाबाला बसवा, म्हणजे उरलेलाही मिटेल.