पिसारो यांच्या सफरचंदांच्या चित्रातली जांभळी सावली

पाणकळा: फ्रान्समधील चित्रकार कामीय पिसारो यांचे सफरचंदांच्या तोडणीचे १८८६ सालचे चित्र, जे सध्या जपानमधील कुराशिकी येथील ओहारा कला संग्रहालयात आहे, त्याची छापील प्रत मी बरेच दिवस न्याहाळत आहे. एक बाई लांब काठीने फळे पाडते आहे, दुसरी वाकून वेचते आहे आणि तिसरी चक्क उभी राहून सफरचंद खाते आहे. परंतु झाडाची सावली काळपट नसून निळी-जांभळी आहे. ही चित्रकाराची लहर समजावी की निरीक्षण? आणि या चित्राला दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे त्या क्षणीचा उजेड आणि रंग डोळ्याला दिसतील तसे टिपणारे) म्हणणे योग्य ठरेल का?

रेघोट्या: लहर निश्चितच नाही. मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत थेट ऊन पोचत नसले तरी आभाळाचा निळा उजेड पोचतो. शिवाय पिवळसर उन्हाला लागून असलेला भाग डोळ्याला विरोधी रंगाकडे, म्हणजे जांभळ्याकडे, झुकलेला भासतो. शेजारच्या रंगांचा हा परस्परपरिणाम रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ सालच्या ग्रंथात मांडला होता. १८८५ मध्ये चित्रकार जॉर्ज सरा यांची ओळख झाल्यानंतर पिसारो यांनी तोच विचार शुद्ध रंगांच्या छोट्या ठिपक्यांतून राबवला.

जुनी चौकट: दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत असे, की तंत्राने हे चित्र नवदृक्प्रत्ययवादाकडे, म्हणजे सरा यांच्या ठिपक्यांच्या शैलीकडे, वळलेले आहे. मात्र ते मांडले गेले दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठव्या आणि अखेरच्या प्रदर्शनात, आणि त्या आठही प्रदर्शनांत भाग घेणारे पिसारो हे एकमेव चित्रकार होते. त्यामुळे त्यांना गटाबाहेर काढणे अवघडच आहे. ठिपक्यांचे किचकट काम त्यांच्या उत्स्फूर्ततेला जाचू लागले आणि १८९०च्या सुमारास त्यांनी ते सोडून दिले, जे मला तरी बरेच झाले असे वाटते.

पाणकळा: आभार. एक शंका उरते: काठीने पाडलेले फळ डागाळणार नाही का? आमच्याकडे हापूस झेल्याने उतरवतात, तो याच धास्तीने.

रेघोट्या: पिसारो १८८४ पासून एप्त नदीकाठच्या एरान्यी गावी राहत होते, आणि तो भाग नॉर्मंडीच्या सीमेवरचा. नॉर्मंडीत सफरचंदाच्या मद्यासाठीची फळे काठीने झोडपून पाडण्याची पद्धत होती, कारण ती पुढे चेचायचीच असत. या चित्रातली फळे त्यासाठीच होती, असे मात्र मी ठामपणे म्हणणार नाही. एक तर तिथल्या तिथेच खाल्ले जात आहे.