साहेब उठेपर्यंत कुणी उठायचं नाही: तुमच्या ऑफिसातले अनुभव सांगा

नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये आठवड्याला ७० तास काम सांगितलं, २०२५ मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० वर गेले. मला तासांपेक्षा दुसरंच खुपतं. काम संपलेलं असतं, पण उठायची चोरी.

माझ्यापासून सुरुवात करतो. हिंजवडी, टेस्टिंग. साहेब साडेआठपर्यंत जागेवर, म्हणून अख्खी टीम जागेवर. मग मी एक जुनं जर्किन खुर्चीला कायमचं अडकवलं, शेजारी अर्धा कप चहा. बघणाऱ्याला वाटावं, गडी पॅन्ट्रीत गेलाय. गडी तोवर वाकडच्या ट्रॅफिकमध्ये. दीड वर्ष खपलं. अप्रेजलला 'कमिटेड' असा शेरा मिळाला, तो बहुधा जर्किनला.

शाखेतली: आमच्याकडे जर्किन चालणार नाही हो, गिऱ्हाईक समोर उभं असतं! सरकारी बँक, मराठवाडा. माणसं हवीत पाच, आहोत तिघं. काउंटर बंद झाला की खरा दिवस सुरू, कारण विम्याचं टार्गेट. मार्चमध्ये रात्री नऊला वरिष्ठांची व्हिडिओ कॉन्फरन्स, एकेका शाखेला विचारणार, "आज किती?" एकदा आकडा भरेना, तेव्हा सासूबाईंची सही घेऊन त्यांच्या नावे पॉलिसी काढली. हप्ता अजून मीच भरतेय.

थर्ड शिफ्ट: चाकण, कंत्राटी. कायद्यात जादा तासांना दुप्पट पगार लिहिलाय. आमच्या स्लिपवर सिंगलच येतो. बोलावं तर गेटवर दुसरे उभेच आहेत. पण एक आहे, थंब मारून बाहेर पडलो की कुणाचा फोन येत नाही. तेवढ्यापुरते तुमच्यापेक्षा सुखी.

परदेशस्थ: जर्मनी. पहिल्याच महिन्यात रविवारी मेल टाकला, म्हटलं शाबासकी मिळेल. सोमवारी मॅनेजरबाईंनी बाजूला घेऊन विचारलं, काम झेपत नाहीये का, कुणाला वाटून देऊ? दोन दिवस झोप नाही आली मला. नोकरी जातेय असंच वाटलं.

धागाकर्ता: @शाखेतली, सासूबाईंना नमस्कार सांगा. आता मी घरून काम करतो, त्यामुळे जर्किन निवृत्त. नवे साहेब टीम्स ॲपवरचा हिरवा दिवा बघतात, म्हणजे माणूस जागेवर आहे. बाबांचं जुनं एचएमटी घड्याळ माउसखाली ठेवतो. सेकंदकाट्यावर कर्सर हलत राहतो, दिवा हिरवा. सकाळी चावी द्यायची तेवढी आठवण ठेवावी लागते.