पक्ष सोडला की आमदारकीही जायला हवी का? कायद्यात नेमकं काय आहे?

बाळीवेस

नमस्कार मंडळी. आपल्या सोलापूर जिल्ह्यात विधानसभेच्या ११ जागा. २०१९ला निवडून आलेल्यांपैकी सांगोल्याचे शहाजीबापू पाटील २०२२मध्ये एकनाथ शिंदेंसोबत गेले, माढ्याचे बबनराव शिंदे आणि मोहोळचे यशवंत माने २०२३मध्ये अजित पवारांसोबत. आमदारकी एकाचीही गेली नाही. उलट बार्शीचे दिलीप सोपल २०१९ला राष्ट्रवादीतून शिवसेनेत गेले, तेव्हा आधी आमदारकीचा राजीनामा देऊन मगच गेले.

पक्षांतरबंदी कायदा तर १९८५पासून आहे. मग एकाला राजीनामा द्यावा लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही, हे कसं? आणि लोकांनी चिन्ह बघून मत दिलेलं असताना पक्ष सोडणाऱ्याने जागा आपल्याकडे ठेवणं बरोबर आहे का? कुणाला शिव्या घालायला धागा काढलेला नाही. जाणकारांनी नीट सांगावं.

सात रस्ता

हा कायदा म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेली. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्याची जागा दोन कारणांनी जाते. पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेने सोडलं तर. किंवा व्हिप (कसं मतदान करायचं याचा पक्षाचा आदेश) मोडून सभागृहात मतदान केलं किंवा गैरहजर राहिला तर. दुसऱ्या प्रकारात पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तर माणूस वाचतो.

'स्वेच्छेने सोडलं' म्हणजे लेखी राजीनामाच दिला पाहिजे असं नाही. गोव्याच्या रवी नाईक खटल्यात १९९४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वागणुकीवरूनही ते ठरवता येतं. दुसऱ्या पक्षाच्या नेत्याबरोबर राज्यपालांकडे जाऊन 'आमचा आमच्या पक्षाला पाठिंबा नाही' असं सांगितलं, तरी ते सोडणंच. पक्षाने हाकलून दिलं तर मात्र जागा जात नाही. पण हाकललेला आमदार त्याच पक्षाचा धरला जातो. नंतर दुसऱ्या पक्षात शिरला की जागा जाते (विश्वनाथन खटला, १९९६).

अपक्षाचं गणित वेगळं. निवडून आल्यावर तो कुठल्याही पक्षात गेला की अपात्र. नुसता पाठिंबा दिला तर काही होत नाही. २०१९ला करमाळा आणि बार्शी दोन्हीकडे अपक्ष आले होते. असे आमदार 'सोबत' असतात, 'प्रवेश' करत नाहीत, त्याचं कारण हे.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून सगळे वाचायचे. २००३च्या ९१व्या दुरुस्तीने ती सवलत काढली. आता उरलं ते विलीनीकरण, त्याला दोन तृतीयांश लागतात. शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार होते, म्हणजे ३७ हवेत. राष्ट्रवादीचे ५४ आले होते, पण पंढरपूरचे भारत भालके गेले आणि २०२१च्या पोटनिवडणुकीत ती जागा भाजपकडे गेली. राहिले ५३, म्हणजे ३६ हवेत. संख्या दोन्ही गटांकडे होती. तरी विलीनीकरण कुणीच केलं नाही, कारण ते केलं की दुसऱ्या पक्षात विरघळावं लागतं, नाव आणि चिन्ह दोन्ही हातचं जातं. म्हणून त्यांनी पवित्राच बदलला: 'आम्ही पक्ष सोडलेलाच नाही, आम्हीच मूळ पक्ष.' मग प्रकरण निवडणूक आयोगाकडे, १९६८च्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५खाली. आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ला शिवसेना शिंदेंना आणि ६ फेब्रुवारी २०२४ला राष्ट्रवादी अजित पवारांना दिली. दोन्ही वेळा आमदार-खासदारांची संख्या निर्णायक धरली.

सोपलांपुढे हा रस्ताच नव्हता. एकटा माणूस 'मीच पक्ष' म्हणू शकत नाही, त्याला राजीनामाच द्यावा लागतो. आज व्यवहारात कायदा असा उरलाय की एकट्यादुकट्याला पकडतो आणि घाऊक जाणाऱ्यांना सोडतो. जागा जायला हवी का? माझं मत स्पष्ट आहे, जायलाच हवी, आणि ४० जण एकदम गेले तर जास्तच जायला हवी.

होटगी रोड

वरचं सगळं बरोबर. पण खरी मेख 'कोण ठरवणार आणि कधी' यात आहे.

दहाव्या अनुसूचीच्या परिच्छेद ६ प्रमाणे निर्णय विधानसभा अध्यक्षांचा. अध्यक्ष सत्ताधाऱ्यांचाच असतो, आणि त्याच्यावर मुदतीचं बंधन नाही. परिच्छेद ७ने कोर्टाचा दरवाजाच बंद केला होता. किहोतो होलोहान खटल्यात १९९२ साली तो परिच्छेद रद्द झाला. पण कोर्टात जाता येतं ते अध्यक्षांनी निर्णय दिल्यावर. निर्णयच दिला नाही तर?

तारखा बघा. शिवसेनेचे अपात्रतेचे पहिले अर्ज २३ जून २०२२चे. सुप्रीम कोर्टाचा निकाल ११ मे २०२३चा. त्यात स्पष्ट म्हटलंय की प्रतोद (व्हिप काढणारा माणूस) नेमण्याचा हक्क राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा म्हणजे नुसत्या आमदारांच्या गटाचा नाही, आणि शिंदे गटाच्या भरत गोगावले यांच्या नेमणुकीला दिलेली मान्यता बेकायदा होती. तरी अपात्रतेचा निर्णय पुन्हा अध्यक्षांकडेच सोपवला. पुढे कोर्टाने तारीख बांधून दिली, ती वाढवून दिली, आणि निर्णय आला १० जानेवारी २०२४ला: शिंदेंचा गट हीच शिवसेना, आणि अपात्र दोन्हीकडचं कुणीच नाही. अर्जापासून दीड वर्षाहून जास्त. तोवर विधानसभेची मुदत संपायला वर्षही उरलं नव्हतं. १५ फेब्रुवारीला राष्ट्रवादीच्या बाबतीतही तसंच झालं.

उलट हिमाचल बघा. २७ फेब्रुवारी २०२४ला राज्यसभेच्या निवडणुकीत काँग्रेसच्या सहा आमदारांनी विरोधात मत दिलं. २९ तारखेला अध्यक्षांनी सहाही जण अपात्र ठरवले. (कारण राज्यसभेचं मत नव्हे बरं का. त्या मतदानाला दहावी अनुसूची लागत नाही. अर्थसंकल्पाच्या वेळी व्हिप मोडून गैरहजर राहिले म्हणून.) १ जूनला पोटनिवडणूक झाली, चार जागा काँग्रेसला, दोन भाजपला.

म्हणजे तोच कायदा, एकीकडे दोन दिवस आणि दुसरीकडे दीड वर्ष. उशीर असो की घाई, फायदा ज्याचं सरकार त्याचाच. मणिपूरच्या मेघचंद्र सिंह खटल्यात २०२०मध्ये कोर्टाने साधारण तीन महिन्यांची मर्यादा सांगितली आणि स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करा असं संसदेला सुचवलं. ३१ जुलै २०२५ला तेलंगणातल्या १० आमदारांच्या प्रकरणात पुन्हा तीन महिने दिले. दर वेळी कुणीतरी सुप्रीम कोर्टात जायचं आणि तारीख मागून आणायची, ही पद्धत झाली का?

विजापूर वेस

मला दोघांचं पूर्ण पटत नाही. पक्ष सोडला म्हणजे मतदाराला फसवलं, हे गृहीत धरून सगळी चर्चा चाललीय. पक्षानेच भूमिका बदलली तर? २०१९च्या निकालानंतर युती मोडली, आघाडी झाली. सांगोल्याच्या मतदाराने युतीला मत दिलं होतं. तिथल्या आमदाराने पक्षाबरोबर राहायचं की मतदाराला दिलेल्या शब्दाबरोबर? कायदा म्हणतो पक्षाबरोबर. मतदार या कायद्यात कुठेच नाही.

दुसरं, व्हिपची व्याप्ती. आज एखाद्या साध्या विधेयकावरही व्हिप निघू शकतो. उजनीच्या पाण्याचा विषय आला आणि पक्षाचा आदेश जिल्ह्याच्या हिताविरुद्ध असला, तर आमदाराने काय करायचं? मत दिलं तर जागा जाते, गप्प बसला तर मतदारसंघ जातो. दिनेश गोस्वामी समितीने १९९०मध्येच सांगितलं होतं की व्हिप मोडल्याची अपात्रता विश्वास-अविश्वास ठरावासारख्या, सरकारच्या अस्तित्वाशी संबंधित मतदानापुरती ठेवा, आणि निर्णय राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी आयोगाच्या सल्ल्याने द्यावा. ३५ वर्षं झाली.

आणि शिक्षा मतदारावर सोडली तर तो देतोच की. २०२४ला शहाजीबापू आणि यशवंत माने दोघेही पडले.

होटगी रोड

@विजापूर वेस, युती मोडली हा मुद्दा रास्त आहे. पण मग राजीनामा देऊन 'पक्षाने शब्द मोडला, मी तुमच्या शब्दाला जागतोय' असं सांगून पुन्हा उभं राहता येत होतं. ज्याला मतदारावर विश्वास आहे त्याने मतदाराकडेच जायला काय हरकत?

आणि २०२४चं उदाहरण आपल्या जिल्ह्यापुरतं आहे. राज्यात शिंदेंचे ५७ आणि अजित पवारांचे ४१ आले. समोर ठाकरेंचे २० आणि शरद पवारांचे १०. लोकांनी तेव्हा काय बघून मत दिलं, फुटीवर की इतर कशावर, ते या आकड्यांवरून सांगता येत नाही. पाच वर्षांनी शंभर गोष्टींवर मिळून दिलेलं मत आणि पक्ष सोडल्यावर सहा महिन्यांत त्याच एका प्रश्नावर घेतलेलं मत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

व्हिपच्या व्याप्तीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत.

बाळीवेस

खूप स्पष्ट झालं, आभार. आता व्यवहाराचं विचारतो. अर्ज करायचा तर कोण करू शकतं? साधा मतदार करू शकतो का? आणि महापालिका, झेडपीला हेच लागू आहे का?

सात रस्ता

आमदाराविरुद्धचा अर्ज १९८६च्या महाराष्ट्र विधानसभेच्या अपात्रता नियमांखाली होतो. नियमाप्रमाणे तो सभागृहाच्या सदस्याने करायचा. ओडिशाच्या एका खटल्यात २०१३ला सुप्रीम कोर्टाने सभागृहात नसलेल्या 'हितसंबंधित' व्यक्तीलाही, उदा. पक्षप्रमुखाला, मुभा दिली. पण साध्या मतदाराने थेट अर्ज करायची वहिवाट नाही, त्याने आपल्या पक्षाच्या आमदारामार्फत जाणं सोयीचं.

अर्जात घटना थोडक्यात, तारीखवार हवी. कागदपत्रांच्या प्रती जोडायच्या, ज्यांच्या माहितीवर अर्ज उभा आहे त्यांची नावं-पत्ते द्यायचे. सही आणि सत्यापन दिवाणी दाव्यासारखं, आणि फक्त अर्जावर नाही, प्रत्येक जोडपत्रावरही. हे राहिलं तर अर्ज आत न जाताच फेटाळता येतो, आणि घाईत नेमकं हेच राहतं. अर्ज दाखल झाला की समोरच्याला म्हणणं मांडायला सात दिवस.

कुठे घसरतात ते सांगतो.

व्हिप पोचल्याचा पुरावा नसतो. ठाकरे गटाच्या आमदारांविरुद्धचे अर्ज फेटाळले गेले ते व्हिप त्यांना प्रत्यक्ष बजावल्याचं सिद्ध झालं नाही म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि झालं, असं धरू नका. हातात द्या, पोच घ्या, घेत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर पंचनामा करा.

व्हिपविरुद्ध मतदान झाल्यावर माफ केलं की नाही, हे पक्षाच्या नेत्याने ३० दिवसांत अध्यक्षांना कळवायचं असतं. ते राहून गेलं की समोरचा वकील 'मूक माफी' म्हणतो.

नुसती वर्तमानपत्रांची कात्रणं टिकत नाहीत. पक्षप्रवेशाच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ असेल तर सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लावा.

आणि पक्षाची स्वतःची कागदपत्रं. शिवसेनेच्या निकालात पक्षाची २०१८ची घटना आयोगाच्या दप्तरी नाही म्हणून १९९९ची धरली गेली, आणि सगळा निकाल त्यावर फिरला. पक्षाची घटना बदलली, अंतर्गत निवडणूक झाली, की आयोगाकडे नोंद करून पोच घेणं हे कारकुनी काम वाटतं. त्यावर पक्ष जातो किंवा राहतो.

महापालिका-झेडपीसाठी कायदा वेगळा: महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६. कारणं जवळपास तीच. पण निर्णय सभागृहातल्या कुणाकडे नाही. आपल्या महापालिकेच्या नगरसेवकाबद्दल पुण्याचे विभागीय आयुक्त ठरवतात. झेडपी, पंचायत समिती, नगरपरिषद यांच्याबद्दल जिल्हाधिकारी. हायकोर्टात जायची वेळ आली तर ऑगस्ट २०२५पासून सोलापूरसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईच्या खेपा वाचल्या. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही, तिथे हा प्रश्नच येत नाही.

रेल्वे लाइन्स

एक पळवाट राहिली, राजीनाम्याची. कर्नाटकात २०१९ला बऱ्याच आमदारांनी राजीनामे दिले आणि सरकार पडलं. अध्यक्षांनी १७ जणांना अपात्र ठरवून २०२३पर्यंत निवडणूक लढवायलाही बंदी घातली. सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०१९ला अपात्रता कायम ठेवली (राजीनामा दिला म्हणून आधीच्या वागणुकीची अपात्रता पुसली जात नाही), पण लढण्यावरची बंदी काढली. महिनाही झाला नाही तोच १५ जागांची पोटनिवडणूक, त्यातल्या १२ भाजपला. ९१व्या दुरुस्तीने अपात्र आमदाराला मंत्रिपद बंद केलंय, पण मुदत संपेपर्यंत किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत, जे आधी होईल ते. म्हणजे बंदी प्रत्यक्षात काही आठवड्यांची.

काही जण म्हणतात अशांना सहा वर्षं उभंच राहू देऊ नका. मला ते मान्य नाही. मतदाराला विचारायचं असेल तर त्या माणसाला त्याच्यासमोर उभं राहू द्यावं लागेल. मंत्रिपदाची बंदी मात्र पोटनिवडणूक जिंकली तरी त्या विधानसभेच्या मुदतीपर्यंत ठेवा. पक्ष सोडायचं आमिष बहुतेक वेळा तेच असतं.

निर्णय अध्यक्षांकडून काढून आयोगाच्या सल्ल्याने राज्यपालांनी द्यावा, ९० दिवसांत. आमदाराच्या इतर अपात्रतांसाठी, म्हणजे लाभाचं पद वगैरे, घटनेच्या कलम १९२खाली हीच पद्धत आजही चालू आहे, नवं काही उभारायला नको. त्याच दुरुस्तीत विलीनीकरणाचा परिच्छेद ४ही काढावा. गोव्यात २०१९ला काँग्रेसच्या १५पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, ते विलीनीकरण मानलं गेलं, आणि २०२२ला हायकोर्टानेही ते ग्राह्य धरलं. देशातला काँग्रेस पक्ष जागच्या जागी होता.

फक्त एक अडचण आहे. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, पण विधानसभेची मुदत एक वर्षाच्या आत संपत असेल तर ती सक्ती नाही (लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १५१अ). म्हणजे शेवटच्या वर्षात पक्ष सोडणाऱ्याची जागा घेतली तर मतदारसंघ तेवढा काळ आमदाराविनाच राहणार. त्यासाठी कलम १५१अमध्येही बदल लागेल, नुसत्या दहाव्या अनुसूचीला हात लावून भागणार नाही.