आयटीआयच्या पोरांना संघटना हवीच कशाला?

उद्यमबागचा टर्नर: काल इथं एकानं लिहिलं, "आयटीआय-डिप्लोमाच्या पोरांनी विद्यार्थी संघटनेत जावं, तिथंच नेतृत्व घडतं." वाचून डोकं सटकलं. आमच्या शॉपमध्ये असले दोन पुढारी येऊन गेले. मायक्रोमीटर वाचता येईना, पण पगारवाढीचं निवेदन तयार! आधी लेथवर हात बसू दे की.

खानापूरची ताई: ओ दादा, मायक्रोमीटर शिकवणं संघटनेचं काम का? आमच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला मुली दोघीच. सकाळची बस आमच्या फाट्यावर थांबायचीच नाही. संघटनेच्या पोरांनी मलाच पुढं ढकललं. डेपोतल्या साहेबांनी बसासुद्धा म्हटलं नाही. कुठल्या थांब्यावर किती पोरं ताटकळतात, तो कागदच टेबलावर ठेवला. बस थांबायला लागली. आज ठेकेदाराशी बोलताना पाय लटपटत नाहीत ते त्यामुळंच.

निपाणीकर: अर्ज कुठल्या भाषेत दिलात?

खानापूरची ताई: कानडीत. मैत्रिणीनं लिहून दिला.

निपाणीकर: झालं! १९८६ ला कन्नडसक्तीविरुद्ध बेळगावजवळच्या हिंडलग्यात मराठी माणसांनी गोळ्या झेलल्या, आणि आमचं भावी नेतृत्व कानडीत अर्ज खरडतंय.

चिकोडी वेल्डर: काका, बस चुकली की हजेरी जाते. १ नोव्हेंबरला, आपल्याला कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या फेरीत काळी फीत बांधून मीपण चालतो. साहेबाला वाचता येईल असं लिहिलं की लगेच गद्दार?

निपाणीकर: गद्दार कोण म्हणूलालंय? भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं सरकारी परिपत्रकं त्यांच्या भाषेत मिळायला पाहिजेत. हक्क आहे तो, भीक नव्हे!

खानापूरची ताई: मग तो हक्क मागायला जाणार कोण? तुम्ही घरात बसून मोबाइलवर?

निपाणीकर: तोंड सांभाळून. तुझ्या वयापेक्षा जास्त मोर्चे काढलेत.

चिकोडी वेल्डर: एक मात्र टर्नरदादांचं खरं. कॉलेजात निवडणुका नाहीत, त्यामुळं पद वरून येतं. आमचा अध्यक्ष नेत्याच्या गाडीत, आम्ही रात्री शिडीवर बॅनर बांधायला. त्यातनं मी काय शिकलो? गाठ मारायला.

उद्यमबागचा टर्नर: बघा, आता घरचाच माणूस बोलला. बरं बाई, बसपुरती तुमची संघटना मान्य. ती निवेदनवाली पोरं माझ्याकडं अप्रेंटिस म्हणून पाठवा, थ्रेड कापायला शिकवतो.

खानापूरची ताई: पाठवते की. स्टायपेंड किती देणार, तेवढं आधी लेखी द्या.